अनुमोदक : मागून कोणीतरी

“ज्या गुन्ह्याचा छडा मी लावला नाही, तो गुन्हा अजून घडलेलाच नाही असं खुशाल समजा. माझी नजर घारीची, कान सशाचे, स्मरणशक्ती हत्तीची...”

“भूकही,” मी म्हटलं.

“मध्ये बोलू नकोस. लिहून घे.”

मी लिहून घेतलं. आमच्या ह्यांना व्हिजिटिंग कार्ड छापायचं होतं आणि हा त्यावरचा मजकूर होता. छापखानेवाल्यानं तो दोनदा वाचला आणि “साहेब, एवढ्याला बॅनर लागेल” असं नम्रपणे सांगितलं. तेव्हा जड मनानं काटछाट करून ह्यांनी फक्त ‘सूक्ष्म निरीक्षण, अचूक निष्कर्ष’ एवढंच ठेवलं. त्या गडबडीत फोन नंबर छापायचा राहून गेला. “ज्याला माझी खरी गरज असेल तो मला शोधून काढेल,” असं हे म्हणतात. अजून कोणी काढलेलं नाही.

ह्यांची नोकरी वीज कंपनीत मीटर वाचण्याची. उभा जन्म लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे टिपण्यात गेला. निवृत्त झाल्यावर एखादा माणूस झाडंबिडं लावतो, ह्यांनी गुन्हेगार वाचायचे ठरवले. “मीटर काय आणि माणूस काय, दोघंही आतल्या आत फिरत असतात. काच पुसून बघावं लागतं,” हा ह्यांचा सिद्धान्त. काच बघायचं भिंग माझ्या चष्म्याच्या दुकानातलं. मदतनीसही मीच, कारण बिनपगारी दुसरं कोणी मिळालं नाही.

आता जे प्रकरण सांगते आहे, त्यात खून नाही, चोरी नाही, साधी मारामारीसुद्धा नाही. तरीही ह्यांनी त्यात अख्खी इमारत संशयित केली. याला म्हणतात कर्तबगारी.

आमची इमारत पाच मजली, मजल्यावर दोन अशी दहा घरं. बिल्डरनं बांधली, किल्ल्या वाटल्या आणि हात झटकून मोकळा झाला. मग एक दिवस लिफ्ट बंद पडली. लिफ्टवाली कंपनी म्हणाली, दुरुस्ती करतो, पण देखभालीचा करार कोणाशी करायचा ते सांगा. बिल्डर म्हणाला, माझा आता संबंध नाही. आम्ही म्हणालो, आमच्याशी करा. कंपनी म्हणाली, आमच्याशी म्हणजे कोणाशी? प्रश्न बरोबर होता. इमारतीत मालक दहा होते आणि कायद्याच्या दृष्टीनं धनी कोणीच नव्हता. रहिवाशांनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढायची, ती निबंधकांच्या कार्यालयात रीतसर नोंदवायची, मग त्या संस्थेच्या नावानं करार होणार आणि मग लिफ्ट हलणार. तोवर कंपनीनं तळमजल्यावर लिफ्टच्या दाराला कुलूप घातलं.

बाकीच्यांचे त्यामुळे पाय दुखले. माझ्या सासूबाईंचं मात्र जगणंच अडलं. आम्ही पाचव्या मजल्यावर, आणि त्यांचा गुडघा असा, की पायरी म्हटली की तो आधी नकार देतो. एकदा एक्स-रे काढायला त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी खाली नेलं. वर आणल्यावर त्या म्हणाल्या, “असं चौघांनी उचलून न्यायचं एकदाच असतं. ते होईल तेव्हा होईल, आत्तापासून सराव नको.” त्यानंतर त्या खाली गेल्या नाहीत. सकाळ-संध्याकाळ गॅलरीत बसायच्या आणि रस्ता बघायच्या. मी दुकानातून आले की मला आधी त्यांची पाठच दिसायची. एवढ्यासाठी ती संस्था मला हवी होती. बाकी कायदेकानून गेले खड्ड्यात.

संस्थेच्या स्थापनेची सभा आमच्याच दारासमोरच्या मोकळ्या जागेत, पाचव्या मजल्यावर झाली. घर सासूबाईंच्या आणि माझ्या नावावर, नोंदणीला दहाच्या दहा घरं लागणार होती आणि सासूबाई खाली येऊ शकत नव्हत्या, म्हणून सभाच वर आली. मी दुकानात होते. ठराव असा झाला की रहिवाशांची सहकारी संस्था काढावी आणि सगळ्यांच्या वतीनं कागदपत्रांची धावपळ करायला मुख्य प्रवर्तक म्हणून आमच्या ह्यांना नेमावं. का नेमावं, तर हे दिवसभर घरी असतात आणि त्यांना लोकांच्या दारात जायची सवय आहे. ठराव मांडला दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी. अध्यक्ष होते पहिल्या मजल्यावरचे हेडमास्तर. आणि सभेत जे जे झालं ते लिहून काढलं इमारतीतल्याच औषधवाल्यांनी. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून वाचून त्यांना काहीही वाचता येतं, त्यामुळे त्यांना लिहिताही चांगलं येत असेल, असा सगळ्यांचा समज होता.

निबंधकांच्या कार्यालयात मीही ह्यांच्याबरोबर गेले. कारकुनाचा चष्मा नाकावर एवढा खाली आला होता की माझा हात शिवशिवत होता. त्यांनी आमचे कागद एकेक करून उलटले, मान डोलावली, आणि एका ठिकाणी येऊन थांबले.

“ठराव पहिला. सूचक, दातांचे डॉक्टर. ठीक. अनुमोदक...” त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “‘मागून कोणीतरी’. हे कोण?”

“कोण?” हे म्हणाले.

“तेच विचारतोय. सभासदांच्या यादीत कोणीतरी आडनावाचं कोणी नाही.”

झालं होतं ते असं. ठराव मांडून झाल्यावर हेडमास्तरांनी विचारलं, “याला अनुमोदन कोणाचं?” तेवढ्यात मागून आवाज आला, “अनुमोदन!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. औषधवाल्यांनी कानांनी ऐकलं तेच प्रामाणिकपणे लिहून टाकलं.

“सोपं आहे,” कारकून म्हणाले. “ज्यांनी अनुमोदन दिलं त्यांचं नाव घालून सही आणा. नाहीतर पुन्हा सभा घ्या, पुन्हा ठराव करा. पुढचा!”

मी बाहेर येऊन म्हटलं, “अहो, सभाच घेऊ या ना परत. अर्ध्या तासाचं काम.”

हे रस्त्याच्या मधोमध थांबले. मागून एक स्कूटरवाला ओरडून गेला. ह्यांच्या चेहऱ्यावर असं तेज मी लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

“पुन्हा सभा? आणि पहिल्या सभेतला तो आवाज तसाच मोकाट सोडू? दहा घरांच्या बंद इमारतीत एक माणूस बोलतो आणि नाहीसा होतो. तुला यात काही वावगं दिसत नाही?”

“मला लिफ्ट बंद दिसते.”

“सामान्य दृष्टी,” हे म्हणाले. “लिहून घे. प्रकरण पहिलं.”

खरं तर त्याच दिवशी ते मिटलं असतं. घरी येताना जिन्यात तिसऱ्या मजल्यावरचे ड्रायव्हिंगवाले भेटले. ते लोकांना गाडी शिकवतात, स्वभावानं एकदम सरळ, वळण घेतानासुद्धा. ते म्हणाले, “अहो, आणा इकडे, मी करतो सही. हाय काय आणि नाय काय!”

ह्यांनी भिंग काढलं. “म्हणजे तो आवाज तुमचा होता?”

“नाही, माझा नव्हता. पण सही करायला काय जातंय?”

“खोटी सही! सरकारी कागदावर!” हे जिना दणाणेल एवढ्या आवाजात म्हणाले. “कुठलं कलम लागतं, ठाऊक आहे?”

ठाऊक ह्यांनाही नव्हतं. पण ड्रायव्हिंगवाल्यांनी तिथल्या तिथे गाडी रिव्हर्समध्ये टाकली आणि घरात जाऊन कडी लावली.

पुढची चौकशी औषधवाल्यांच्या दुकानात. गिऱ्हाईक खोळंबलेलं, आणि हे काउंटरवर कोपर टेकून.

“त्या दिवशी तुम्ही नक्की काय ऐकलंत?”

“अनुमोदन ऐकलं.”

“कुठून?”

“मागून.”

“तुमच्या मागे कोण होतं?”

“मागे बघितलं असतं तर नाव नसतं का लिहिलं?”

“तुम्ही मागे का बघितलं नाही?” ह्यांनी डोळे बारीक केले. “काय लपवत होतात?”

औषधवाल्यांनी ह्यांच्यासमोर पित्ताच्या गोळ्यांची पट्टी ठेवली. ह्यांनी ती पुरावा म्हणून खिशात घातली. माझ्या वहीत मी नोंद केली, की पैसे मलाच द्यावे लागले.

मग ह्यांचे निष्कर्ष सुरू झाले. औषधवाले जिन्याकडे पाठ करून बसले होते, म्हणजे आवाज जिन्याकडून आला. जिन्याकडून आला म्हणजे तो बाहेरच्या माणसाचा. बाहेरचा म्हणजे बिल्डरचा हस्तक!

“पण बिल्डरचा माणूस आपल्या ठरावाला पाठिंबा कशाला देईल?” मी विचारलं.

“तो कशाला देईल, असंच सगळ्यांना वाटावं म्हणून.”

मी वहीत ‘बिल्डरचा हस्तक’ लिहिलं आणि दुकानाचं शटर उघडायला गेले. दुपारी औषधवाल्यांनी फोन करून कळवलं की आपण जिन्याकडे नाही, तुमच्या घराच्या दाराकडे पाठ करून बसलो होतो. हस्तक रद्द झाला. “माझं घर संशयाच्या पलीकडे आहे,” हे म्हणाले, आणि तो धागा तिथेच तोडून टाकला.

दुसरा निष्कर्ष दातांच्या डॉक्टरांवर आला. ठराव त्यांचा, तो फेटाळला जाऊ नये ही इच्छाही त्यांचीच. दिवसभर दुसऱ्यांच्या उघड्या तोंडात बघणारा माणूस स्वतःचं तोंड मिटून बोलायला शिकला नसेल कशावरून? हे तपासायला गुप्त वेशात दवाखान्यात गेले. गुप्त वेश म्हणजे माझा गॉगल. डॉक्टरांनी “या, बसा, मुख्य प्रवर्तक” असं स्वागत करून खुर्चीत निजवलं. पुढच्या तासात ह्यांनी जेवढे प्रश्न विचारले ते सगळे “आँ आँ” असे होते, आणि डॉक्टर त्यांना “हो, दुखणारच थोडं” असं उत्तर देत होते. घरी परत आले ते एक दाढ कमी होऊन.

“ती कशी काय गेली?” मी विचारलं.

“किडली होती,” गालाला बर्फ लावून हे म्हणाले. “तपासात एवढं निष्पन्न झालं.”

तिसरा प्रयोग गाणंवाल्या बाईंचा. त्या चौथ्या मजल्यावर गाणं शिकवतात आणि कोणाचंही बोलणं ऐकलं की त्याची पट्टी सांगतात. सभेत त्याही होत्या. ह्यांनी त्यांना पेटी घेऊन जिन्यात बसवलं आणि एकेका रहिवाशाला समोर उभं करून ‘अनुमोदन’ म्हणायला लावलं. ज्याचा आवाज जुळेल तो धरायचा.

एव्हाना इमारतीत भलतंच पसरलं होतं. दारोदार जाऊन हे “तुम्ही अनुमोदन दिलं नाहीत, हे सिद्ध करू शकता?” असं विचारत होते. तेही अशा सुरात, की जणू अनुमोदन हे एखाद्या धारदार हत्याराचं नाव आहे. अनुमोदक म्हणजे जामीन, असं कोणीतरी म्हणालं. उद्या संस्था बुडाली तर त्याचं घर जाणार, असं दुसऱ्यानं त्यात घातलं. आधी सही करायला तयार असलेले लोक आता ह्यांना बघून जिना बदलायचे, आणि आमच्या इमारतीला जिना एकच आहे. जो तो म्हणे, “आम्ही त्यातले नाही हो.”

त्यामुळे पेटीसमोर सगळे आवाज बदलून बोलले. खर्जात बोलणारे हेडमास्तर एकदम बारीक आवाजात किणकिणले. ड्रायव्हिंगवाले घोगरे झाले. त्यांची बायको तर तोंडावर पदर धरून नुसती खोकली आणि निघून गेली.

“यातला एकही नाही,” गाणंवाल्या बाई म्हणाल्या. “तो आवाज बाईचा होता. वयस्क. पट्टी काळी दोनच्या आसपास. आणि जरा घाबरलेला.”

“म्हणजे बाईचा आवाज काढणारा, वयाचं सोंग घेणारा, निडर पुरुष,” हे म्हणाले.

बाईंनी पेटीचा भाता बंद केला.

वयस्क बाई म्हटल्यावर माझ्या डोक्यात शंका आली. मी सासूबाईंना सरळ विचारलं. त्या नेहमीसारख्या गॅलरीत होत्या.

“आई, त्या दिवशी सभेत ‘अनुमोदन’ तुम्ही म्हणालात का?”

“मी कशाला म्हणू? ठराव चालला असताना मध्ये तोंड घालू नये, एवढं कळतं मला.” त्या खोटं बोलत नाहीत, त्यामुळे तोही रस्ता बंद झाला. मग खाली बोट दाखवून म्हणाल्या, “औषधवाल्याला सांग, मागच्या बाजूनं टक्कल पडायला लागलंय.”

“तुम्हाला इतक्या वरून दिसतं?”

“वरून तेवढंच तर दिसतं. अगं, आता मी माणसं टाळूवरून ओळखते. हेडमास्तर, दूधवाला, सगळे. परवा हेडमास्तरांचा चेहरा आठवायला गेले तर आठवेचना.” आणि स्वतःच हसल्या.

मला हसू आलं नाही. ह्यांचा असा राग आला, की मी आत जाऊन वही टेबलावर आपटली. माणूस गेले काही आठवडे एका शब्दाच्या मागे धावत होता आणि ज्या बाईसाठी धावायचं ती बिचारी लोकांची डोकी मोजत बसली होती. संध्याकाळी हे “आता संशय दूधवाल्यावर” असं म्हणत आत आले, तेव्हा मी भिंग काढून घेतलं आणि माझ्या दुकानाच्या पिशवीत टाकलं.

“रविवारी सभा आहे,” मी म्हटलं. “मी सगळ्यांना सांगून आले आहे.”

“पुरावा नष्ट होईल!”

“होऊ दे.”

रविवारी सगळे आले खरे, पण कोणाचं बारसं असावं असे नाही, दुखवट्याला आल्यासारखे. जो तो भिंतीला टेकून, दुसऱ्याच्या आड. सासूबाई आमच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. हेडमास्तरांनी ठराव पुन्हा वाचला. दातांच्या डॉक्टरांनी सूचक म्हणून मान हलवली, जितकी कमी हलवता येईल तितकी.

“याला अनुमोदन कोणाचं?” हेडमास्तरांनी विचारलं.

ड्रायव्हिंगवाले छताकडे बघत होते. गाणंवाल्या बाईंनी ओठ असे मिटले होते, की चुकून एखादा सूर निसटायला नको.

आमचे हे मात्र खुशीत होते. ते आत गेले आणि स्टूल घेऊन बाहेर आले. “पहिल्या सभेतही मी उंचावरूनच निरीक्षण केलं होतं,” असं मला कुजबुजून ते स्टुलावर चढले. हे स्टूल सासूबाईंचं. गुडघ्यामुळे त्या त्यावर बसून आंघोळ करतात, त्याला त्या जिवापाड जपतात. प्लॅस्टिकचं, आणि ह्यांच्यासाठी बनवलेलं नक्कीच नाही. त्याचे चारी पाय चार दिशांना फाकले.

आणि मागून आवाज आला.

“अनुमोदन!”

सभा जागच्या जागी उडाली. “तोच!” गाणंवाल्या बाई किंचाळल्या. “काळी दोन!” औषधवाल्यांनी या वेळी मात्र गर्रकन मागे वळून पाहिलं.

“दार लावा!” स्टुलावरून हे गरजले. “कोणी हलायचं नाही! कोण बोललं?”

“मी बोलले,” सासूबाई म्हणाल्या. “उतर आधी खाली!”

आता इथे मला आमच्या घरातली एक गोष्ट उघड करावी लागते. आमचे हे जन्मले तेव्हा ओंजळीत मावतील एवढेसे होते. म्हणून सासूबाईंनी त्यांना लाडानं नाव ठेवलं, अणू. पुढे ते अणूचे पिंप झाले, चारचौघांत ते नाव घ्यायला त्यांनी आईला सक्त मनाई केली आणि सासूबाईंनीही ती पाळली. फक्त जीव घाबरला की त्यांच्या तोंडून ते निसटतं. त्या म्हणाल्या होत्या, “अणू, मोडेल ना!”

पण लोकांना कळेना, की ‘मोडेल ना’चं ‘मोदन’ कसं झालं. दातांचे डॉक्टर उठले, सासूबाईंजवळ गेले आणि त्यांनी विचारलं, “आजी, कवळी कुठंय?”

“आत. वाटीत. चावायचं काही नसेल तर कशाला उगाच झिजवू?”

“संपलं,” डॉक्टर सभेकडे वळून म्हणाले. “कवळी काढली की आजींच्या तोंडी ‘ड’चा ‘द’ होतो आणि ‘ल’ गळून पडतो. मीच ती बनवली आहे, मला माहीत आहे.”

सगळे एकदम ह्यांच्याकडे बघायला लागले. ज्या हाकेच्या मागे ह्यांनी अख्खी इमारत पिंजून काढली, ती हाक ह्यांनाच मारलेली होती. तीही दोन हातांवरून. “तुम्हाला ऐकू कसं आलं नाही?” औषधवाल्यांनी विचारलं. मला त्याचं उत्तर माहीत होतं. आई “खाली उतर”, “पोट सांभाळ”, “स्वेटर घाल” असं जे बोलते, ते ह्यांच्या सशाच्या कानात शिरणं कित्येक वर्षांपूर्वीच बंद झालं आहे.

“मला पहिल्यापासून संशय होता,” हे म्हणाले. त्याच क्षणी स्टुलाचा एक पाय तुटला.

ह्यांना उचलून बसवल्यावर सभेचा नूरच पालटला. इतके दिवस छातीत दाबून धरलेलं हसू बाहेर पडलं आणि थांबेचना. अनुमोदक म्हणजे जामीन वगैरे सगळं त्या हसण्यात वाहून गेलं. हेडमास्तरांनी मोठ्या मुश्किलीनं डोळे पुसले.

“म्हणजे पहिला ठराव अनुमोदनाशिवायच राहिला. आता परत विचारतो. संस्था काढायला अनुमोदन कोणाचं?”

“माझं!” “आमचं!” “लिहा, ड्रायव्हिंगवाले!” “मी आधी हात वर केला होता!”

“एका वेळी एक!” औषधवाले ओरडले. “कागदाला जागा एकाच नावाची आहे!”

ड्रायव्हिंगवाल्यांचं नाव लागलं. त्यांनी सही अशी झोकात केली की पेन कागदाबाहेर गेलं.

“आता मुख्य प्रवर्तक,” हेडमास्तर म्हणाले आणि जरा घुटमळले. “आजी, आपल्या चिरंजीवांचं नाव आहे. आपलं काय मत?”

सासूबाईंनी मुलाकडे बघितलं. तो जमिनीवर बसून स्टुलाचा पाय जागेवर बसवून पाहत होता. त्या नजरेत माया होती, त्याबद्दल दुमत नाही.

“नको,” त्या म्हणाल्या. “पोर गुणी आहे. पण त्याच्या हातात दिलंत तर मला लिफ्ट नाही दिसायची.”

“शिवाय घर ह्यांच्या नावावर नाही,” औषधवाले यादी बघत म्हणाले. “हे सभासद नाहीतच! प्रवर्तक व्हायला सभासद लागतो. आधी कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?”

पहिल्या सभेत यादी कोणी बघितलीच नव्हती, आणि नंतर बघायला जावं तर संशयित व्हायची भीती. मग औषधवाल्यांनीच उभं राहून सुचवलं, की दुसऱ्या सभेचं घरोघर जाऊन जिनं सांगितलं, तिलाच प्रवर्तक करा. म्हणजे मला. मी एकदम “अहो, मला कुठला वेळ, दुकान आहे” असं काहीतरी बोलायला लागले.

“थांबा जरा,” सासूबाई म्हणाल्या. “कोणीतरी माझी वाटी आणा.”

गाणंवाल्या बाईंनी आतून वाटी आणली. सासूबाईंनी पाठ फिरवून कवळी बसवली, तोंड दोनदा हलवून पाहिलं, आणि सभेकडे बघून एकेक अक्षर सुटं करून म्हणाल्या, “अ-नु-मो-द-न.”

माझ्या लग्नाला एवढी वर्षं झाली, सासूबाईंनी माझं तोंडावर कौतुक केल्याचं मला आठवत नाही. डोळे भरून आले ते माझं मला ठाऊक. सगळ्यांना मात्र मी चष्मा पुसते आहे असं वाटलं असेल.

पुढचं काही लांबलं नाही. कारकुनांनी कागद तपासले, ‘अनुमोदक’समोर पोचल्यावर एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग शिक्का मारायला पाठवून दिले. मी त्यांचा चष्मा तिथेच हातात घेऊन त्याच्या दांड्या नीट करून दिल्या. संस्था नोंदली गेली, प्रमाणपत्र मिळालं, लिफ्टवाल्या कंपनीशी करार झाला. त्यांचा माणूस येऊन दिवसभर तेलपाणी करत होता, आणि संध्याकाळी त्यानं कुलूप काढलं.

पहिल्या फेरीला सासूबाई एकट्याच आत गेल्या. “येऊ का बरोबर?” मी विचारलं. “कशाला? बटण दाबायला दोघी लागतात का?” असं म्हणून त्यांनी दार ओढून घेतलं.

अर्धा तास झाला, तास झाला, त्या काही परत येईनात. हे अस्वस्थ झाले. माझ्या पिशवीतून भिंग काढून घेऊन ते लिफ्टच्या दाराजवळ वाकले. “आई बेपत्ता. दारावर झटापटीच्या खुणा नाहीत. म्हणजे ओळखीच्याच कोणीतरी...”

मी गॅलरीत जाऊन खाली बघितलं. फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, काठीवर दोन्ही हात ठेवून त्या उभ्या होत्या. समोर हेडमास्तर आणि औषधवाले. सासूबाई मान वर करून आलटून पालटून दोघांचे चेहरे बघत होत्या आणि काहीतरी सांगत होत्या. औषधवाल्यांचा हात आपोआप डोक्यामागे गेला, तेव्हा काय सांगितलं ते मला कळलं. मग त्या दूधवाल्याकडे वळल्या, मग चपला शिवणाऱ्याकडे, मग नुसत्याच येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे. अंधार पडायला आला तरी त्यांचं बघणं संपेना.

मी वाकून हाक मारली, “आई, झालं की! आता वर या!”

त्यांनी वर बघितलं. कवळी घातलेली होती, त्यामुळे एकेक शब्द स्वच्छ ऐकू आला.

“वर जायची एवढ्यात काय घाई आहे ग मला?”